उंचीच्या खाली

"ताई, इथं 'नो' टाकून देऊ का?" असं त्या पोरानं विचारलं, तेव्हा त्याचं बोट माउसवर आधीच टेकलेलं होतं. २०२४ च्या जुलैची अखेर. तालुक्याच्या त्या ऑनलाइनच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एका रुपयातला पीक विमा भरायची मुदत संपत आलेली, त्यामुळे रोवणी अर्धी टाकून आलेले लोक पायावरचा चिखल तसाच वाळवत ओळीत उभे होते. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात सातबारा, आधार, पासबुक. ओल्या कपड्यांचा, झेरॉक्सच्या गरम कागदाचा आणि खर्ऱ्याचा मिळून एक वास. सगळ्यांच्या धानाचा विमा निघत होता आणि मधेच मी भावाचा परदेश प्रवासाचा विमा काढायला बसले होते. धानाच्या फॉर्मवर धानाला आधीपासून काही रोग आहे का, असं कुणी विचारत नव्हतं. भावाच्या फॉर्मवर विचारलं होतं. 'प्री-एक्झिस्टिंग डिसीज', आणि पुढे दोन छोटे गोल.

"यस टाकलं का अटकते जी," पोरगा म्हणाला. "नो टाकलं तं पटकन होते. तिकडे कोन पाह्यते?"

भाऊ बाहेर पन्नीखाली उभा होता, हातात नेहमीची पाण्याची बाटली. मागचे एक बाबा म्हणाले, "करा ना जी बाई लवकर, लाइन जाईन." मी म्हटलं, थांब. एवढंच. पुढे मी भावाला आत बोलावलं आणि त्यानंच 'यस' म्हटलं. पण त्या मधल्या अर्ध्या मिनिटात मी जी थांबले, ती प्रामाणिकपणामुळे थांबले असं घरात सगळ्यांना वाटतं. माय तर चार बायकांत सांगतेसुद्धा. तसं नव्हतं ते. मी थांबले, कारण तो 'नो' माझ्या ओळखीचा होता. त्याच्याकडे मी नंतर येते.

भावाला सिकलसेल आहे. आमच्या भागात एवढं वाक्य पुरतं, पुढचं कुणी विचारत नाही. चार घरं सोडून पाचव्या घरी लाल नाहीतर पिवळं कार्ड निघतंच. तो पाच वर्षांचा होता, तेव्हा डिसेंबरात बोडीत म्हशी धुवायला गेला आणि रात्री त्याची हाडं फुटायला लागली. 'फुटायला' हा त्याचाच शब्द. हाताची बोटं सुजून केळफुलासारखी झाली, डोळे पिवळे. कुणी कावीळ म्हणून मुळी बांधली, कुणी लागीर म्हणून लिंबू उतरवलं. बाबांनी मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून रात्रभर शेकलं. शेवटी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासलं आणि तिथल्या सिस्टरनं बाबांना समजावलं, की रक्तातल्या पेशी गोल पाहिजेत, याच्या इळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नळीत अडकून बसतात. बाबांना ते लगेच कळलं. धान कापणाऱ्या माणसाला इळा कुठं आणि कसा अडकतो, हे वेगळं सांगावं लागत नाही. मग माय-बाबांचं रक्त तपासलं, माझं तपासलं. ते दोघंही एएस, म्हणजे वाहक. दर बाळंतपणाला चारात एक असा हिशेब. मी एएस निघाले, तो एसएस, म्हणजे रोगीच. मला पिवळं कार्ड, त्याला लाल.

त्या लाल कार्डाचं आमच्या घरात एक विचित्र स्थान होतं. ते दाखवलं की साध्या एसटीत तिकीट लागत नव्हतं. ते दाखवलं की रक्ताची पिशवी फुकट मिळायची. दहावी-बारावीला तासामागं वीस मिनिटं जास्त मिळाली तीही त्याच्यामुळेच, आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एकवीस प्रकारांमध्ये सिकलसेलही आला, तेव्हा शाळेतल्या एका सरांनी पेढे वाटावेत अशा आवाजात ही बातमी सांगितली होती. पण पाहुणे आले की हेच कार्ड माय पेटीत, लुगड्यांच्या घडीखाली सरकवायची. एकच वस्तू कंडक्टरसमोर काढायची आणि सोयऱ्यांसमोर लपवायची. आम्ही त्यात इतके तरबेज झालो, की त्यात काही विसंगत आहे असं कुणालाच वाटलं नाही.

त्याला परदेश शिष्यवृत्ती मिळाली त्या वर्षी आमच्या भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोला माझ्या आठवणीतला सगळ्यात मोठा हार पडला. १९१३ साली बडोद्याची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब कोलंबियात गेले, हे आमच्या वाडीत शेंबडं पोरही सांगेल. भाऊ फॉर्म भरून भरून कावला की म्हणायचा, "बाबासाहेबांना बरं होतं, त्यांना हेल्थ डिक्लरेशन नव्हतं." हसायचा. पण त्याच्या हिशेबाच्या वहीत विद्यापीठांच्या क्रमवारीपेक्षा जास्त पानं दवाखान्यांची होती. बाकीची पोरं पाहतात तिथं भाडं किती, पार्टटाइम काम मिळतं का. हा पाहायचा, तिथं थंडी किती आणि रात्री दोन वाजता हाडं फुटली तर दार कुणी उघडेल.

ती वही मी वाचली आहे. ऑस्ट्रेलियाच्या पानावर लिहिलं होतं, की परदेशी विद्यार्थ्यांच्या तिथल्या सक्तीच्या विम्यात जुन्या आजाराला बारा महिने थांबावं लागतं; खाली त्यानं आजारालाच उद्देशून लिहिलं होतं, 'वर्षभर दम धर रे बाबा.' अमेरिकेच्या पानावर खाडाखोड फार होती. तिथं २०१० च्या कायद्यानं जुन्या आजारावरून विमा नाकारता येत नाही, ही जमेची बाजू. पण हप्ता वेगळा, डिडक्टिबल, म्हणजे विमा सुरू व्हायच्या आधी आपण भरायचे पैसे, ते वेगळे, प्रत्येक वेळी आपल्या वाट्याचा को-पे वेगळा, आणि कुठल्या दवाखान्यात गेलं तर विमा लागू आणि कुठल्या नाही, हे दुखत असताना ठरवायचं. जर्मनीच्या पानावर 'सरकारी विमा, तिसाच्या आतल्या विद्यार्थ्याला नाही म्हणत नाहीत' असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या, पण त्याच्या विषयाचा कोर्स तिथं जमला नाही. शेवटचं पान इंग्लंडचं. तिथं व्हिसाच्या अर्जासोबतच आरोग्याचा सरचार्ज भरायचा, विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत तो ४७० होता. एक वर्षाच्या कोर्सला व्हिसा वर्षाहून थोडा जास्त मिळतो, म्हणून वरचे सहा महिने धरून ११६४ पौंड. सव्वा लाखाच्या आसपास रुपये, व्हिसा हातात यायच्या आधी, एका क्लिकवर. पुढेमागे मिळतील ते मिळतील, पण आधी कार्डावरून जायला हवेत. बाबांनी सोसायटीचं कर्ज काढलं, थोडे माझ्या पगारातले गेले.

पण त्या सरचार्जच्या फॉर्मवर आजाराचा रकानाच नव्हता.

हे मला भावानं दाखवलं तेव्हा मी स्क्रीन वर-खाली करून दोनदा पाहिलं. नाव, पासपोर्ट, कोर्स, तारखा, पैसे. बस. टीबीची तपासणी वेगळी होती, ती आपल्याकडून जाणाऱ्या सगळ्यांनाच करावी लागते. पण तुझ्या रक्तात काय आहे, हे पैसे घेणारा विचारत नव्हता. धडधाकट पोरगा ७७६ देणार आणि लाल कार्डवालाही ७७६ देणार. रक्कम डोळे पांढरे करणारी होती, ते वेगळं. पण एवढे पैसे मोजून माणसाला न विचारलं जाण्याचं सुख विकत मिळतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. प्रवासाचा विमा जो आम्ही तालुक्यात काढत होतो, तो वरचा, सामान हरवलं-विमान चुकलं यासाठी. त्यात 'यस' टाकल्यावर दोन दिवसांनी पॉलिसी आली, बारीक अक्षरात एक ओळ घेऊन: जुना आजार आणि त्यातून उद्भवणारं काहीही वगळून. म्हणजे बर्फावरून घसरून हाड मोडलं तर पैसे मिळणार. तेच हाड आतून फुटलं तर नाही.

आता माझा 'नो'. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मध्यस्थ काका म्हणाले, "पोरगी चांगली हाय, मास्तरीण हाय, आता ते पिवळं कार्ड कायले काढता मधात? रोगी थोडीच हाय ते?" आणि खरंच मी रोगी नव्हते. वाहकाला सहसा काही होत नाही, हे मीच शाळेत मुलांना सांगते. माय माझ्याकडे पाहत राहिली, बाबा बाहेर जाऊन उगाच बैलांना वैरण टाकू लागले. मी काही बोलले नाही. न बोलणं म्हणजे 'नो'वर टिक करणंच. चौथ्या महिन्यात सरकारी दवाखान्यात सिकलसेलची तपासणी झाली, तेव्हा नवऱ्याला बोलवावं लागलं. त्यांचा रिपोर्ट येईपर्यंतचे चार दिवस मी भात शिजवताना पाणी किती टाकायचं ते विसरत होते. रिपोर्ट आला, एए. म्हणजे बाळाला आजार होण्याचा प्रश्नच नव्हता. घरात हायसं झालं. रात्री हे एवढंच म्हणाले, "आधी काहून नाही सांगतलं?" रागावले नाहीत. रागावले असते तर मी भांडले असते, तुमच्याकडे कुणी तपासलं होतं का म्हणून. त्यांनी फक्त विचारलं, आणि कूस बदलून झोपले. अकरा वर्षं झाली, उत्तर माझ्याकडे अजून नाही.

भाऊ सप्टेंबरात गेला. बॅगेत डॉक्टरांचं पत्र, सहा महिन्यांच्या हायड्रॉक्सियुरियाच्या आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, मायने दिलेली लाखोरीची डाळ आणि सांबारवड्यांचं वाळवून केलेलं काहीतरी, जे नंतर त्यानं फेकलं असं मला वाटतं. विमानात दर तासाला पाणी पी, पाय हलव, असं मी त्याला इतक्या वेळा सांगितलं, की तो म्हणाला, "ताई, पायलटला सांगून ठेव, तो आठवण देईल." पहिले तीन महिने बरे गेले. तिथल्या सिकलसेलच्या क्लिनिकात नाव नोंदलं. वेटिंग रूममध्ये बहुतेक आफ्रिकेची आणि कॅरिबियन बेटांची माणसं. एका आजीनं त्याला विचारलं म्हणे, तू कुणासोबत आलास? तिला वाटलं, हा कुणाला सोबत आलाय.

जानेवारीत थंडीनं गाठलंच. रात्री अडीचला त्याचा फोन आला, म्हणजे आमच्याकडे सकाळचे आठ. मी शाळेच्या परिपाठाला उभी. तो अॅम्ब्युलन्समधून बोलत होता. नंतरची कथा त्यानं तुकड्यातुकड्यांनी सांगितली, आणि ती मला सलग जोडायची नाही. तिथला नियम असा, २०१२ पासूनचा, की सिकलसेलचा रुग्ण दुखतंय म्हणून आला तर अर्ध्या तासाच्या आत वेदनाशामक द्यायचं. त्याला त्याहून बराच वेळ लागला. तिथल्या कुणीतरी त्याला विचारलं, तू नेहमी मॉर्फिनच मागतोस का? तो म्हणाला, मी मॉर्फिन म्हटलंच नाही, मी फक्त दुखतं म्हटलं. २०२१ मध्ये तिथल्याच खासदारांच्या एका गटानं सिकलसेलवर अहवाल काढला आहे. आमचं कुणी ऐकत नाही, ही रुग्णांची तक्रार त्याच्या नावातच आहे. मी तो नंतर वाचला. वाचताना वाटलं, पैशाच्या वेळी न विचारणारे लोक दुखण्याच्या वेळी विचारतात. आणि आपल्याकडे? आपल्याकडे तर त्याला कुणी खोटं पाडलं नाही कधी. वॉर्डातल्या मावशीसुद्धा डोळे पाहून म्हणायची, "पोराले लय दुखून राह्यलं, कोनी बॉटल लावा न." फक्त बॉटल लावणारा कधीकधी संध्याकाळी यायचा.

पहाटे एक काळी सिस्टर ड्युटीवर आली. तिनं फाइल पाहिली नाही, त्याच्या हाताच्या मुठी पाहिल्या. मग सगळं झालं. ऑक्सिजन, सलाइन, इंजेक्शन, दुसऱ्या दिवशी रक्त. पाच दिवस.

सहाव्या दिवशी बाबांचा आणि त्याचा व्हिडिओ कॉल मी धरून बसले होते. बाबांनी तब्येत विचारली, जेवण विचारलं, आणि मग ज्यासाठी त्यांना रात्रभर झोप नव्हती ते विचारलं.

"किती लागले बाबू?"

"काहीच नाही बाबा."

"असं कसं होते? पाच दिवस ठेवलं, रक्त देल्लं."

"नाही घेत बाबा. ते आधीच भरले ना आपण, व्हिसाच्या वेळी."

बाबा गप्प झाले. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "लपवून राह्यला थो. कोनाकडून तरी कर्ज काढलं असन. नाहीतर बिल मागून येईन." बाबांचा सगळा जन्म दवाखान्यांच्या मागून येणाऱ्या खर्चात गेला. नागपुरात औषध फुकट मिळालं तरी बरोबरच्या दोन माणसांचं जेवण, ऑटो, आणि बुडालेली मजुरी कोण देणार? एका वर्षी भावाला तीनदा भरती करावं लागलं आणि दावणीची म्हैस गेली. म्हैस दवाखान्यानं नेली नाही, पण ती दवाखान्यामुळेच गेली. फुकट या शब्दावर बाबांचा विश्वास नाही, आणि तो का असावा? पुढचे दोन महिने ते पोस्टमनला विचारायचे, इंग्लंडातून काही आलं का म्हणून.

गंमत अशी, की तिथं गोळीला पैसे पडतात. दवाखान्यात रक्त चढवलं तर काही नाही, पण बाहेर चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला इंग्लंडात ९ पौंड ९० पेन्स. काही आजारांना माफी आहे, ती यादी १९६८ सालची. २००९ मध्ये तिच्यात कॅन्सर आला, सिकलसेल अजून नाही. स्कॉटलंडात, वेल्समध्ये सगळ्यांनाच औषध फुकट, इंग्लंडात नाही. मग भावानं ११४ पौंड ५० पेन्स भरून वर्षाचा पास काढला. जी गोळी आमच्या आरोग्य केंद्रात सिस्टर जुन्या पाकिटात मोजून द्यायची, तिच्यासाठी.

एप्रिलमध्ये कधीतरी त्यानं मला एका माणसाची गोष्ट सांगितली आणि ती माझ्या डोक्यातून जात नाही. जगातल्या डॉक्टरांनी इळ्यासारख्या पेशी पहिल्यांदा लिहून ठेवल्या त्या एका परदेशी विद्यार्थ्याच्या रक्तात. वॉल्टर क्लेमंट नोएल. ग्रेनाडा बेटावरून बोटीनं निघाला, शिकागोला दंतवैद्यक शिकायला. १९०४ च्या डिसेंबरात छातीचं दुखणं घेऊन तिथल्या दवाखान्यात आला. अर्नेस्ट आयर्न्स नावाच्या शिकाऊ डॉक्टरनं त्याचं रक्त काचेवर घेतलं आणि पेशी विचित्र लांबट, इळ्यासारख्या दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ते छापलं. नोएल पुन्हा पुन्हा भरती होत राहिला, तरी शिकला, पास झाला, बेटावर परतला, दवाखाना टाकला, आणि १९१६ मध्ये बत्तीसाव्या वर्षी गेला. भावाला यातलं वय लागलं. तो अठ्ठावीसचा आहे, आणि औषधं आता वेगळी आहेत हे त्यालाही कळतं, तरी लागलं. मला दुसरंच काही लागलं. शिकागोची थंडी, बोर्डिंगातली खोली, आणि त्या एवढ्या वेळच्या भरतीचे पैसे कुणी दिले असतील? घरी पत्रात त्यानं काय कळवलं असेल, 'काहीच नाही लागले बाबा'?

आता कोर्स झाला आहे. तिथं काम शोधायला राहायचं तर नवा व्हिसा, आणि त्याचा सरचार्ज विद्यार्थ्याचा नाही, पुरता. दोन वर्षांचे २०७० पौंड. परत यायचं तर इथं एखाद्या कंपनीच्या ग्रुप विम्यात सहज सामावून जाईल, पण स्वतःचा विमा घ्यायचा म्हटलं की जुन्या आजाराला थांबा. २०२४ पासून हा थांबा जास्तीत जास्त तीन वर्षांचा, आधी चार होता. तो दर रविवारी वेगळं बोलतो. एका रविवारी म्हणतो, येतो परत, नागपुरात खोली घेऊ. पुढच्या रविवारी म्हणतो, ताई, इथं रात्री फोन केला की गाडी येते गं. मी त्याला काही सांगत नाही. मायनं मात्र तिच्या परीनं निकाल लावलाय. पोरगा कुठंही राहो, लग्न झालं पाहिजे.

म्हणून मागच्या शनिवारी मी परत त्याच दुकानात. या वेळी गर्दी नव्हती. एका रुपयाची योजना बंद झाली, आता लोक विम्याला हप्ता किती ते विचारून परत जातात. तोच पोरगा, आता मिशी आलेली. बायोडाटाचा नमुना त्याच्याकडे तयारच असतो, वर धम्मचक्र, खाली रकाने. नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, नोकरी, मामेकुळ. सगळं टाइप करून झालं आणि त्यानं मान वर केली. त्याला ते विसरता आलेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

"ताई, ते... थे टाकायचं का याच्यात?"

मी दुकानातूनच फोन लावला. तिकडे सकाळ होती, भाऊ चहा करत होता. मी विचारलं. चमचा भांड्यात फिरल्याचा आवाज आला थोडा वेळ. मग म्हणाला, "लिही ना. विम्याला नाही लपवलं तर पोरीला काय लपवायचं." आणि मग, हळूच, "माय काय म्हणते?"

"मायले नंतर सांगू," मी म्हटलं.

पोराकडे वळून मी सांगितलं, लिही, सिकलसेल, एसएस. त्यानं दोन अक्षरं टाइप केली आणि थांबला. "पण ताई, कुठं टाकू? नोकरीच्या खाली का उंचीच्या खाली?"

उंचीच्या खाली, म्हटलं.